मला तर काहीच झालं नव्हतं

मीटिंग चालू होती आणि कोणीतरी बॉलपेनचं बटण दाबत बसलं होतं. टिक टिक, टिक टिक. हे मला आत्ता माहितीये, तेव्हा पेनाकडे माझं लक्षपण नव्हतं. तेव्हा एवढंच कळलं की समोरच्या स्क्रीनवरचे आकडे लांब लांब चाललेत, खोलीतली माणसं काचेच्या पलीकडून बोलतायत आणि कुठेतरी काहीतरी धाडधाड वाजतंय, ते माझंच हृदय आहे हे समजायला मला दोन सेकंद लागले. मग बोटांना मुंग्या, मग ओठांच्या भोवती मुंग्या, आणि मग श्वास. श्वास पुरत नाहीये असं वाटलं म्हणून मी अजून मोठा घ्यायला लागले आणि जितका मोठा घेतला तितकं जास्त गुदमरलं. डोक्यात एकच वाक्य, आपण मरतोय. भीती वाटत होती असं म्हणणार नाही, भीती हा शब्द फार नंतर आला, त्या क्षणी ती बातमी होती, खरी आणि पक्की. मी मरतेय, ह्या सगळ्यांसमोर मरतेय, आणि लॅपटॉप चार्जिंगला लावायचा राहिलाय. हो, हे पण डोक्यात आलं, का ते विचारू नका.

कशीबशी उठून बाहेर गेले आणि जिन्यात बसले. ऑफिसमधली एक मैत्रीण मागोमाग आली, माझा चेहरा बघून तिने काही विचारलंच नाही, सरळ हॉस्पिटलात नेलं. तिथे ईसीजी, बीपी, शुगर, रक्ताच्या तपासण्या. त्यात ट्रोपोनिन नावाची एक असते, हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ते रक्तात वाढतं, ती पण केली. थायरॉइडसाठी पण रक्त घेतलं, कारण थायरॉइड जास्त काम करत असेल तर अशीच धडधड होते. सगळं नॉर्मल. गंमत म्हणजे छातीला ईसीजीच्या वायरी लावेपर्यंत मला बरं पण वाटायला लागलं होतं. आता कळतं की त्यात नवल नव्हतं, पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुतेक वेळा वीस-तीस मिनिटांत उतरतो. पण तेव्हा इतकं ओशाळल्यासारखं झालं की काय सांगू. सगळ्यांना पळवलं आणि निघालं काहीच नाही!

(इथे एक सांगून ठेवते, माझं वाचून कोणी छातीत दुखल्यावर 'हे पॅनिकच असणार' म्हणून घरी बसू नका. पहिल्यांदा होतंय तर तपासून घ्याच. लक्षणं इतकी सारखी असतात की डॉक्टरसुद्धा टेस्ट केल्याशिवाय सांगत नाहीत.)

डॉक्टर म्हणाले, "पॅनिक अटॅक दिसतोय. काही टेन्शन?"

"नाही."

"मागच्या वर्षा-दीड वर्षात काही अपघात, काही धक्का?"

"नाही."

आणि मी खोटं बोलत नव्हते हो. अकरा महिन्यांपूर्वी आमच्या गाडीचा अपघात झाला होता, गाडी दोन गिरक्या घेऊन दुभाजकावर आपटली होती, पण तो दादाचा अपघात होता. तो चालवत होता, त्याच्या कमरेचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं झाली. मी मागच्या सीटवर होते आणि मला खरचटलं पण नव्हतं. जो येईल तो हेच म्हणायचा, नशीबवान आहेस बाई, साधं खरचटलं नाही. मीही सगळ्यांना तेच सांगायचे, मला तर काहीच झालं नाही. मग डॉक्टरांनी विचारल्यावर ते आठवणार कसं?

त्या अकरा महिन्यांचं थोडक्यात सांगते. दादाची ऑपरेशनं, इन्शुरन्सचे कागद, फिजिओथेरपी, रात्रीची औषधं आणि हे सगळं नोकरी सांभाळून. मी अगदी मशीनसारखी चालत होते आणि मला त्याचा अभिमान पण होता. झोप पाच तास, कधी चार. कॉफी मोजायची नाही. एकदाही रडले नाही, हेसुद्धा मी लोकांना कौतुकाने सांगायचे. आणि दादा ज्या आठवड्यात काठी सोडून चालायला लागला, त्याच आठवड्यात ती मीटिंग. तेव्हा वाटलं हा काय वेडेपणा, सगळं सुरळीत झाल्यावर आता कशाला? पुढे कळलं की असं बऱ्याच जणांचं होतं, धावपळ चालू असेपर्यंत अंग रेटून नेतं, जरा टेकायला मिळालं की मग मागचं सगळं वर येतं.

खरं सांगायचं तर पहिल्या अटॅकने माझं एवढं वाट्टोळं केलं नाही जेवढं त्यानंतरच्या दोन महिन्यांनी केलं. पुन्हा होईल, पुन्हा होईल, हेच दिवसभर. हातात स्मार्टवॉच होतं, त्यात नाडीचे ठोके दिसतात, मी दर पाच मिनिटांनी मनगट वळवून बघायचे. 78 असेल तर ठीक. 92 दिसले की पोटात गोळा, पोटात गोळा आला की ठोके 104, ते बघून अजून घाबरायचं की मग 120. म्हणजे मी स्वतःच बसल्या जागी अटॅक तयार करत होते आणि घड्याळाकडून पुरावा घेत होते! दुसरा अटॅक लिफ्टमध्ये आला, तिसरा तर रात्री झोपेत. स्वप्न वगैरे काही नाही, गाढ झोपेतून दचकून उठले तीच छाती धरून. झोपेतही येतात हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे त्या रात्री पुन्हा खात्री पटली की हे हृदयाचंच आहे, डॉक्टरांचं काहीतरी चुकलंय.

मग एकेक गोष्ट सुटत गेली. लिफ्ट सोडली, जिना चांगला असतो म्हणायचं. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची, कोणी आधी बसलेलं असेल तर मी उभीच राहायचे. पाण्याची बाटली सतत हातात. गाडीत मागच्या सीटवर बसणं तर मी अपघातापासूनच टाळत होते, कायम पुढे बसायचे, पण त्याला मी 'मागे बसलं की मला मळमळतं' असं गोंडस नाव दिलं होतं. शेवटी शेवटी रांगेत उभं राहणं पण नको वाटायचं, कारण रांगेतून पळून जाता येत नाही ना. जग असं हळूहळू आवळत जातं आणि प्रत्येक वेळी वाटतं की आपण शहाणपणाच करतोय.

लोक काय म्हणत होते ते सांगत बसत नाही. मन खंबीर कर, विचार करू नकोस, जरा फिरून ये. सगळे प्रेमानेच म्हणत होते, पण 'विचार करू नकोस' हा सल्ला देणाऱ्याने एकदा स्वतः करून बघावा.

पुन्हा ओशाळायची तयारी ठेवूनच मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी सगळे रिपोर्ट बघितले, मग गोळी सुरू केली, एसएसआरआय म्हणजे नैराश्यावर आणि अशा भीतीवर देतात त्या प्रकारातली, अगदी कमी डोसपासून. दोन गोष्टी त्यांनी आधीच बजावल्या, एक म्हणजे गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि दुसरं म्हणजे सुरुवातीला अस्वस्थपणा थोडा वाढू शकतो, तर तेवढ्यावरून बंद करू नका आणि बरं वाटल्यावर मनाने सोडू पण नका. बरं झालं सांगितलं, कारण पहिला आठवडा माझा खरंच वाईट गेला. अगदीच वेळ आली तर म्हणून तात्पुरत्या चार गोळ्या वेगळ्या दिल्या आणि म्हणाले ह्यांची सवय लागते, त्यामुळे जपून. त्या चारातली मी एकच घेतली. बाकीच्या तीन पर्समध्ये कितीतरी महिने फिरत होत्या, नुसत्या आहेत एवढाच आधार. तोही आधार नंतर सोडावा लागला, ते पुढे येईल.

खरं काम झालं थेरपीत. थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या दिवशी बालपणाबद्दल काहीच विचारलं नाही (मी तयारी करून गेले होते!), त्यांनी श्वासाबद्दल विचारलं. अटॅक आला की तुम्ही काय करता? म्हटलं, लांब श्वास घेते, सगळे तेच सांगतात. त्या म्हणाल्या, तिथेच घोळ होतो. तुम्हाला हवा कमी पडत नसते, उलट जास्त होत असते. भराभर आणि खोल श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं, त्यामुळे रक्तात मोकळं फिरणारं कॅल्शियम कमी होतं, आणि बोटांच्या न् ओठांच्या मुंग्या येतात त्या ह्याच्यामुळे. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून गरगरतं, सगळं लांब गेल्यासारखं, खोटं वाटतं. मग माणसाला वाटतं हवा कमी पडतेय आणि तो अजून ओढतो. मी तोंड वासून ऐकत होते. ज्या मुंग्यांवरून मी स्वतःला अर्धांगवायूचा झटका ठरवून मोकळी झाले होते, त्या मुंग्या मीच आणत होते! आणि त्या कागदी पिशवीत श्वास घेतात ना, ते करू नका म्हणाल्या, दमा किंवा हृदयाचं काही असेल तर ते अंगाशी येऊ शकतं. काही करायचंच तर श्वास बाहेर सावकाश सोडा, घेताना हावरटपणा नको.

आणि अजून एक, मला कायम वाटायचं मी चक्कर येऊन पडेन. त्या म्हणाल्या, आजवर पडलात का? नाही. बेशुद्ध पडायला सहसा बीपी खाली जावं लागतं, अटॅकमध्ये उलट वर जातं, म्हणून पॅनिकमध्ये पडणारे फार कमी. ही एक ओळ मी फोनमध्ये लिहून ठेवली आणि पुढे कितीतरी रांगा मी ह्या एका ओळीवर काढल्या.

मला वाचायची खोड आहे, म्हणून मीही शोधत बसायचे. 1871 मध्ये दा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहून ठेवलंय, धडधड, छातीत दुखणं, धाप, आणि त्यांच्या हृदयात मोठा बिघाड मात्र दिसत नाही. त्याने नाव दिलं चिडकं हृदय. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी तंबूत बसलेला कोणी शिपाई पण छाती धरून म्हणत असणार की डॉक्टर, नीट बघा ना, काहीतरी आहे. पॅनिक डिसऑर्डर ह्या नावाने वेगळं निदान अमेरिकेच्या मानसिक आजारांच्या मॅन्युअलमध्ये यायला 1980 उजाडलं. आणि 1986 मध्ये डेव्हिड क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञाने जी गोष्ट मांडली ती वाचून मला माझं स्मार्टवॉचच आठवलं, शरीरात काहीतरी साधं होतं, माणूस त्याचा भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती, भीतीने अजून लक्षणं, आणि हे चाक फिरत राहतं. घड्याळ मी त्या दिवशी काढून ड्रॉवरमध्ये टाकलं.

आता टिक टिक. मॅडमनी एक तक्ता भरायला दिला होता, अटॅक किंवा नुसती धडधड आली तरी लिहायचं, किती वाजता, कुठे, आधी काय चालू होतं, काय दिसत होतं, काय ऐकू येत होतं. मी कंटाळत भरायचे. पाच आठवड्यांत सात नोंदी झाल्या. त्यांनी तो कागद माझ्यासमोर फिरवून ठेवला आणि म्हणाल्या, ऐकू काय येत होतं तेवढाच रकाना वाचा. पंखा कुरकुरत होता. नळ गळत होता. शेजारचा कीबोर्डवर एकच बटण दाबत होता. आणि सगळ्यात पहिली मीटिंग, ती मी आठवून लिहिली होती, कोणीतरी पेन वाजवत होतं. सातापैकी चार.

"टिक टिक असा आवाज कशाचा?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं कशाचा नाही. आणि म्हणता म्हणता मला तो ऐकू आला. गाडी दुभाजकावर आपटल्यावर चारही इंडिकेटर आपोआप लागले होते, एअरबॅग उघडल्या की बऱ्याच गाड्यांत तसं होतं. सगळं शांत झालं होतं, इंजिन बंद, काचांचा आवाज संपलेला, हवेत एअरबॅगची ती पांढरी पावडर तरंगतेय आणि जळका वास, समोर दादाचं डोकं एका बाजूला कललेलं, आणि टिक टिक, टिक टिक, टिक टिक. मला हलता येत होतं पण मी हलले नाही. लोक येऊन दार उघडेपर्यंत पाचेक मिनिटं गेली असतील. पाच मिनिटं मी त्याच्या मानेकडे बघत तो आवाज मोजत बसले होते, तो जिवंत आहे की नाही हे हात लावून बघायची माझी हिंमत झाली नाही. हे मी तोपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःला पण नाही.

त्या दिवशी मी तिथे जी रडले ती रडले.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतो ना आपण, ते असंच असतं. मेंदूत अमिग्डाला म्हणून बदामाएवढा भाग असतो, धोका ओळखायचं काम त्याचं, आणि तो बारकाव्यात शिरत नाही. दूध पांढरं, ताक पांढरं, बस्स. पेन की इंडिकेटर हे आपल्याला नीट कळायच्या आत त्याने अॅड्रेनालीन सोडायची ऑर्डर देऊन टाकलेली असते. आणि सारखी अपुरी झोप, कामाचा ताण, वर कॉफी, असं असेल तर त्याला फारसं निमित्तही लागत नाही. म्हणजे नुसता अपघात नाही, नुसता ताण पण नाही. हाच पेनाचा आवाज मी त्या अकरा महिन्यांत पन्नास वेळा ऐकला असेल की, काही झालं नव्हतं. मी विचारलं, मग हे पीटीएसडी आहे का, म्हणजे मोठ्या धक्क्यानंतर मनात राहून जातो तो आजार? मॅडम म्हणाल्या, काही खुणा त्याच्या आहेत, सगळ्या नाहीत, पॅनिक डिसऑर्डर म्हणावं एवढं मात्र नक्की आहे, अचानक पुन्हापुन्हा येणारे अटॅक आणि महिनाभराहून जास्त 'पुन्हा येईल' ह्या धास्तीत जगणं. नावापेक्षा आता कामाला लागूया.

काम म्हणजे काय, तर अटॅकची लक्षणं मुद्दाम आणायची! मला आधी चेष्टा वाटली. फिरत्या खुर्चीवर बसवून एक मिनिट गरागरा फिरवलं, गरगरेपर्यंत. मग बारीक स्ट्रॉ तोंडात धरून नाक दाबून त्यातूनच श्वास. मग जागेवर धावायचं आणि छातीची धडधड ऐकत उभं राहायचं, बाटलीला हात लावायचा नाही. पर्समधल्या त्या तीन गोळ्या पण घरी ठेवून यायचं. पहिल्या वेळी स्ट्रॉ मी बारा सेकंदात फेकून दिली आणि मॅडमवर चिडले पण, की पैसे देऊन कोण स्वतःचा गळा दाबून घेतं. चौथ्या-पाचव्या वेळी मिनिटभर निघालं. धडधड येते, राहते, जाते, आणि मी तिथेच असते. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण माझ्या अंगाला ते त्या खुर्चीवर कळलं.

मग गाडी. आधी बंद गाडीत मागच्या सीटवर दहा मिनिटं, नंतर वीस. मग कोणीतरी गल्लीतून एक चक्कर मारायची. एकदा मधूनच उतरून चालत घरी आले, दोन आठवडे पुन्हा बसलेच नाही, असंही झालं. सरळ रेषेत कोणाचंच बरं होत नसावं. शेवटची पायरी होती बंद गाडी, मागची सीट आणि इंडिकेटर चालू. ही मी तीन महिने टाळली, कारण त्यासाठी पुढे दादा हवा होता आणि त्याला हे सगळं सांगावं लागणार होतं.

त्याला वाटायचं माझं ऑफिसचं टेन्शन आहे. एका रविवारी मी त्याला खाली गाडीत बसवलं, मागे बसले आणि म्हटलं, दादा, इंडिकेटर लाव, चारही. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं, काही न विचारता बटण दाबलं. हात घामेजले, मुंग्या सुरू झाल्या, मी सावकाश श्वास सोडत बसले आणि त्याच्या मानेकडे बघत मी त्याला ती पाच मिनिटं सांगितली, मी कशी मोजत बसले, हात लावला नाही ते पण. तो बराच वेळ गप्प होता.

मग म्हणाला, "मला हा आवाज आठवतच नाही गं."

"काहीच आठवत नाही?"

"तुला हाका मारत होतो ते आठवतं. मान वळत नव्हती. चार-पाच हाका मारल्या असतील, तू ओ देत नव्हतीस. मला वाटलं, गेली ही." मग जरा थांबून, "अजून कधीकधी रात्री उठून बघतो तुझ्या खोलीत लाइट आहे का."

त्याच्या हाका मला ऐकू आल्या नव्हत्या. एकही नाही. मी म्हटलं, मी हलले नाही रे, मला माफ कर. तो म्हणाला, वेडी आहेस का, आणि मग दोघंही कितीतरी वेळ काही बोललो नाही, तो समोर बघत होता आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते, जो तेव्हा ठेवता आला नव्हता. इंडिकेटर चालूच होता. शेवटी बॅटरी उतरेल म्हणून त्यानेच बंद केला.